पनगल पार्कच्या वळणावर वाचायची चिठ्ठी

मद्रास इलाख्यातल्या खेडोपाड्यांच्या रुग्णसेवेचा इतिहास जेव्हा केव्हा लिहिला जाईल, तेव्हा टी. नगरच्या तंजावर महाराष्ट्र सेवा संघाच्या ॲम्ब्युलन्सचं नाव त्यात सुवर्णाक्षरांनी लिहावं लागेल. हे वाक्य राघोत्तमरावांचं स्वतःचं होतं आणि लिहून झाल्यावर त्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं होतं. खोट एवढीच की सुवर्णाक्षरं एकदा लिहून झाली होती. अध्यक्ष हंबीररावांच्या फाटकाला लावून उरलेल्या पिवळ्या रंगानं १९५६ साली संघाचं नाव व्हॅनच्या दोन्ही अंगांना मराठी, तमिळ आणि इंग्रजीत रंगवलं होतं. मद्रासच्या उन्हानं पहिल्या वर्षी मराठीचे पोपडे काढले, दुसऱ्या वर्षी तमिळचे. इंग्रजी तेवढं टिकलं, आणि त्याबद्दल संघात कुणी काही बोलायचं नाही असं न ठरवताच ठरलं होतं.

आता १९६६ साल होतं. ॲम्ब्युलन्सला दहा वर्षं पुरी होत होती, समारंभ ठरला होता, स्मरणिका निघणार होती, आणि तिच्यात सेवेचा इतिहास राघोत्तमरावांनी लिहायचा होता. ते पहिल्या दिवसापासून संघाचे सेक्रेटरी होते. बी. ए. होते. रेल्वेच्या कचेरीत वेळापत्रकांची प्रुफं तपासण्याचं काम करत असल्यामुळे छपाईचं त्यांना कळतं असं मानलं जाई. शिवाय कुणाला नाही म्हणणं त्यांना जमत नसे, आणि सार्वजनिक कामात हीच खरी लायकी.

पहिल्या फेरीपासून चाळिसाव्या फेरीपर्यंत लेखणी सरसर चालली. एकेचाळिसाव्या फेरीशी येऊन ती अडली आणि तीन आठवडे अडूनच राहिली.

सेवा खेड्यांची होती, पण राहायला मद्रास शहरात, टी. नगरात होती. त्याचं असं झालं. हंबीरराव निवृत्त तहसीलदार. गुम्मिडिपूंडीच्या पश्चिमेला आलमरत्तूर गावी त्यांची भातशेती. १९५५ साली त्यांच्या आईला, राजसबाईंना, तिथं पोटाचं दुखणं झालं, आणि बैलगाडीतून मद्रासला आणताना त्या वाटेतच गेल्या. तेराव्या दिवशी हंबीरराव पानावरून उठून म्हणाले, "माझ्या आईसारखं दुसऱ्या कोणाचं होता नये." त्या दिवशी डोळ्याला पदर लावला नाही अशी बाई नव्हती आणि घसा साफ केला नाही असा पुरुष नव्हता. त्या भरात संघानं लष्कराची लिलावात निघालेली ॲम्ब्युलन्स घेतली. संघाचा फोन राघोत्तमरावांच्या ओसरीवर होता, ड्रायव्हर सुब्बा दोन गल्ल्या सोडून राहत होता, कमिटी तर सगळीच जवळपास. तेव्हा व्हॅनही तिथंच उभी राहू लागली. खेड्यात कुणी आजारी पडलं की त्या गावची माणसं जिथं फोन असेल तिथं जात, फोन टी. नगरात येई, व्हॅन तीस मैल जाई, रोगी घेई आणि तीस मैल परत येई. वाटेत रेल्वेची फाटकं लागत, ती बहुधा बंद असत. गाडी तिकडेच का ठेवू नये, असं जनकोजीनं एकदा सभेत विचारलं होतं. जनकोजी इंजिनिअर होता, त्याला असल्या शंका येत.

"तिकडे ठेवली तर देखरेख कोण करणार?" हंबीररावांनी विचारलं.

गाडी टी. नगरातच राहिली.

देखरेखीचा मोठा वाटा राघोत्तमरावांच्या आईकडे होता. महालक्ष्मीबाईंना त्या वेळी पंचाहत्तरावं लागलेलं. ॲम्ब्युलन्स त्यांच्या दारातून निघे, म्हणजे ती निघण्याचे नियम त्यांचे. निघालेल्या माणसाला कोठं म्हणून विचारू नये. निघालेल्याला मागून हाक मारू नये. आणि एकदा निघालेल्यानं मागं फिरू नये. चौथ्या की पाचव्या फेरीला जनकोजी नेमका फाटकातून आत शिरत होता, तो सहज म्हणाला, "काय सुब्बा, कुठे?"

"अय्यो!" महालक्ष्मीबाई ओसरीवरून ओरडल्या. "निघालेल्याला कोठं म्हणून विचारलास की रे पाप्या! ये बा सुब्बा, उतर. बस. पाणी पी. घडीभर बसून मग नीघ."

सुब्बा उतरला. बसला. पाणी प्याला. तिकडे साप चावलेला माणूसही, असं नंतर कळलं, पाणी पीतच बसला होता. साप बिनविषारी निघाला म्हणून बरं.

कमिटीत तीन बी. ए., दोन बी. एस्सी. आणि एक इंजिनिअर होते. असल्या गोष्टींवर त्यांच्यापैकी कुणाचाही विश्वास नव्हता, पण वडीलधाऱ्यांचा मान राखण्यावर सर्वांचा होता. त्यांनी शास्त्रीय दृष्टीनं विचार करून मार्ग काढला. ठराव क्रमांक सात: गावाचं नाव तोंडानं उच्चारायचं नाही. फोन आला की सेक्रेटरींनी ते चिठ्ठीवर लिहून व्हॅनच्या डॅशबोर्डावरच्या चिमट्यात लावायचं. ड्रायव्हरनं काही न विचारता निघायचं, आणि पनगल पार्कचं वळण आलं, म्हणजे निघणं शास्त्राप्रमाणे पुरं झालं, की चिठ्ठी वाचायची. दोन वर्षं ही पद्धत बिनचूक चालली. दुसऱ्या एका मंडळानं तिची नक्कल मागवली होती.

१९५८ च्या ऑगस्टमधला रविवार. सकाळी दहाच्या सुमाराला फोन खणखणला. गुम्मिडिपूंडीच्या पूर्वेला नेल्लिपाक्कम नावाचं गाव आहे, तिथल्या भाताच्या गिरणीचा मॅनेजर बोलत होता. गिरणीत वजन करणाऱ्या माणसाची बायको, अलमेलू तिचं नाव, आदल्या दिवसापासून अडली होती. पहिलटकरीण. सुईणीनं हात टेकले होते. राघोत्तमरावांनी 'बाळंतीण अडलीय, लगेच ये' असं सुब्बाला बोलावणं पाठवलं आणि चिठ्ठी लिहिली: नेल्लिपाक्कम, गिरणी, बाळंतीण, तारीख. शाई ओली होती म्हणून फुंकर घातली. तेवढ्यात सरोजा, त्यांची बायको, दुसरी कॉफी घेऊन आली. दोन हातांत दवऱ्याची वाटी आणि टंबलर धरायचे तर चिठ्ठी कुठे धरायची? त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली.

कॉफी चांगली झाली होती. हे त्यांना आठ वर्षांनंतरही आठवत होतं, आणि आठवू नये असं वाटत होतं.

सुब्बा आला, फाटक उघडलं, इंजिन गुरगुरलं. व्हॅन फाटकाबाहेर निघाली आणि त्याच क्षणी राघोत्तमरावांचा हात खिशाला लागला. कागद कुरकुरला.

हाक मारायला वेळ होता. व्हॅन वळण घेत होती, सुब्बाच्या बाजूची काच खाली होती, आणि 'सुब्बा' हे काही लांबलचक नाव नाही. राघोत्तमरावांचं तोंड उघडलं. शेजारी आई उभी होती. मागून हाक म्हणजे आई किंचाळणार, गाडी थांबणार, सुब्बा उतरणार, बसणार, पाणी पिणार. शिवाय, आणि हे त्यांनी पुढं कुणाला सांगितलं नाही, बाळंतीण अडलेली असताना अपशकुन नको असं त्यांना स्वतःलाच वाटलं. तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झालेल्या माणसाला. त्यांनी तोंड मिटलं आणि नुसता हात वर केला. सुब्बानं आरशात पाहिलं, त्याला वाटलं निरोप देताहेत, त्यानं आनंदानं दोनदा हॉर्न वाजवला.

चिठ्ठी नाही म्हटल्यावर तो पार्कापाशी कुठून तरी फोन करील, असं राघोत्तमरावांनी मनाला समजावलं. पण चिमटा रिकामा नव्हता. त्यात मागच्या फेरीची चिठ्ठी तशीच होती: आलमरत्तूर, हंबीररावांच्या कारभाऱ्याची आई, गुडघा.

साडेबाराला सुब्बा आलमरत्तूरला पोचला. कारभाऱ्याची आई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिनं त्याला ताक दिलं. बाळंतीण कुठे अडलीय अशी चौकशी करत करत, बैलगाडीच्या वाटांनी व्हॅन हाकत तो नेल्लिपाक्कमला पोचला तेव्हा अडीच वाजून गेले होते. अलमेलूच्या घराला कुलूप होतं. रविवार म्हणून गिरणी बंद, मॅनेजर फोन करून गेला तो गेलाच, आणि आसपासची माणसं शेतात. सुब्बा व्हॅन घेऊन रिकामा परत आला. "घराला कुलूप होतं," एवढंच त्यानं सांगितलं.

पहिलटकरणीच्या घराला भर दुपारी कुलूप. एवढ्यावरून पुढचं सगळं राघोत्तमरावांना दिसलं.

बुधवारी चौकशी बसली. हंबीररावांनी तहसीलदारी थाटात टेबलावर आलमरत्तूरची जुनी चिठ्ठी ठेवली आणि विचारलं, "सेक्रेटरी, तुम्ही नेल्लिपाक्कमची चिठ्ठी लिहिली होती?"

"लिहिली होती," राघोत्तमराव म्हणाले.

वाक्य खरं होतं. कोर्टातही टिकलं असतं. सगळे सुब्बाकडे वळले.

"सुब्बा, तुला काय सांगायचंय?"

सुब्बा खाली मान घालून म्हणाला, "चूक झाली सार."

कुणाची, ते त्यानं सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. सुब्बाला काढून टाकण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमतात राघोत्तमरावांचं मत होतं. ठराव त्यांच्याच अक्षरात लिहिलेला आहे, आणि अक्षर सुरेख आहे.

त्यानंतर नेल्लिपाक्कमहून एकदाही फोन आला नाही. आलमरत्तूरहून आले, आणखी चार गावांहून आले, नेल्लिपाक्कमहून नाही. राघोत्तमरावांना त्याचा अर्थ बरोबर कळला होता. ती बाई जगली की गेली हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं नाही तोवर ती निम्मी तरी जिवंत होती. त्यांनी दुसरी कॉफी सोडली. ॲम्ब्युलन्सपायी रविवार सोडले, सणवार सोडले, थोरल्या मेव्हण्याच्या मुलाच्या मुंजीत ते हातात अक्षता घेऊन फोनकडे धावले होते. लोक म्हणत, सेवा करावी तर राघोत्तमरावांसारखी. प्रत्येक वेळी ते ऐकलं की जेवताना खडा लागावा तसं होई. आणि खिशातली ती चिठ्ठी त्यांनी देवघरात रायरांच्या, म्हणजे घरच्या गुरुस्वामींच्या, तसबिरीमागं ठेवली होती. फाडायची हिंमत नव्हती, जवळ ठेवायचीही नव्हती. म्हटलं, देवापाशी असू द्यावी, तो काय करायचं ते करील.

देवानं काही केलं नाही. सरोजानं केलं.

तीन आठवडे नवरा कोऱ्या कागदापुढं बसतोय हे पाहून एका सकाळी तिनं ती चिठ्ठी आणून समोर आपटली. चिठ्ठीवरचं देवघरातलं कुंकू कोऱ्या कागदावर सांडलं.

"हे घ्या तुमचं दैवत. आठ वर्षं पुसते मी त्या तसबिरीमागं. मला वाचता येत नाही म्हणून वाटलं काय तुम्हांला?"

"सरोजा, तुला माहीत होतं?"

"कॉफी सोडलात तेव्हाच कळलं. पित्त म्हणून सांगितलात. पित्ताचा मनुष्य लोणचं ओरपतो काय हो?" ती समोर बसली. "काय झालं तिचं?"

"कुणाचं?"

"त्या बाईचं! अलमेलूचं!"

"मला माहीत नाही."

सरोजानं सांडलेलं कुंकू बोटानं गोळा केलं. मग शांतपणे म्हणाली, "मेली असली तर जाऊन पाया पडून या. जगली असली तरी पडून या. पण हे न विचारणं पुरे झालं. अत्तेंचं ऐकून ऐकून तुम्हांला कोठं म्हणून विचारायचंच ठाऊक नाही."

महालक्ष्मीबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. तरी दोघांनीही नकळत ओसरीकडे पाहिलं.

व्हॅन मागायला राघोत्तमराव हंबीररावांकडे गेले, तर ती समारंभाच्या खुर्च्या आणायला गेली होती. खुर्च्या हाच गेल्या दोन वर्षांतला तिचा मुख्य रोगी. मग ते सेंट्रलवर गेले आणि पॅसेंजरमध्ये बसले. या मार्गावरची गाडी त्यांना कागदावर तोंडपाठ होती, तिचे आकडे वर्षातून दोनदा ते तपासत; आत बसण्याचा प्रसंग आला नव्हता. नेल्लिपाक्कमला जायला गुम्मिडिपूंडी स्टेशनबाहेर पायवाट होती, अर्ध्या तासाची. त्या अर्ध्या तासात त्यांनी तीन प्रकारे क्षमा मागून पाहिली. दोन मराठीत, एक तमिळमध्ये. तमिळमधली बरी वाटली.

गिरणीच्या दारात एक लॉरी उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले होते.

"मॅनेजर आहेत का?" त्यांनी पायांना विचारलं.

पाय थबकले. मग सगळा माणूस बाहेर आला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण सुब्बाच.

"सार!" तो म्हणाला. हात तेलाचे म्हणून त्यानं कोपरानंच नमस्कार केला. "या की या! काय हे, उन्हात चालत आलात? व्हॅन कोठं?"

"खुर्च्या आणायला गेलीय."

"असं," सुब्बा म्हणाला. त्याला त्यात नवल वाटलं नाही.

राघोत्तमराव पोत्यावर बसले. पाठ केलेल्या तीनही क्षमा एकदम तोंडात आल्यामुळे एकही बाहेर येईना. शेवटी त्यांनी खिशातून ती चिठ्ठी काढून सुब्बापुढं धरली. कुंकू लागलेली, आठ वर्षांत पिवळी पडलेली. सुब्बानं धोतराला हात पुसले, चिठ्ठी घेतली, वाचली.

"ही माझ्या खिशात राहिली होती," राघोत्तमराव म्हणाले. "तुझी काही चूक नव्हती. मी बोललो नाही. तुझी नोकरी गेली आणि मी बोललो नाही."

"हे मला ठाऊक होतं, सार."

"कसं?"

"तुम्ही हात वर केलात तेव्हा खिशातून कागदाचं टोक दिसलं. आरशात. तेव्हा काही समजलं नाही, पार्कापाशी समजलं."

"पार्कापाशी?"

सुब्बानं चिठ्ठीची नीट चार घड्या घातल्या. आता त्याचाच चेहरा ओशाळला होता.

"वळणावर चिमट्यातली चिठ्ठी काढून वाचलो. तारीख मागच्या आठवड्याची. मी मनात म्हणालो, ही जुनी आहे, नवी सारांच्या खिशात राहिली. मागं फिरलो असतो तर दोन मिनिटांचं काम. पण निघालेला मनुष्य मागं कसा फिरणार, सांगा? अम्मांनी फिरू दिलं असतं काय? आणि बाळंतिणीची फेरी. म्हटलं, अपशकुन नको. जाऊ आलमरत्तूरला, तिथं कळेल काय ते. म्हणून गेलो." त्यानं जमिनीकडे पाहिलं. "काढून टाकलेत ते बरोबरच केलेत. तीस मैल जुनी चिठ्ठी हातात घेऊन गेलो की मी. चूक झाली म्हणून सांगितलोच ना तेव्हा?"

राघोत्तमरावांना काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. आठ वर्षं एकट्यानं वाहिलेल्या ओझ्याचं दुसरं टोक दुसऱ्यानं धरलेलं होतं, आणि त्यानं ओझं काही हलकं झालं नाही. उलट, आपल्यापाशी अपराधसुद्धा पुरता आपला नव्हता असं काहीतरी वाटून त्यांना लाज वाटली. आणि लाज वाटतेय याची पुन्हा वेगळी लाज वाटली.

"आणि ती?" त्यांनी शेवटी विचारलं. आठ वर्षांनी तो प्रश्न तोंडातून निघाला. "अलमेलू?"

"काय झालं तिला?"

"तेच विचारतोय!"

"अय्यो, सार," सुब्बा म्हणाला, आणि त्याला हळूहळू उमजत गेलं की हा मनुष्य इथवर कशासाठी चालत आलाय. "तुम्हांला ठाऊकच नाही? आठ वर्षं?"

"तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

त्यानं गिरणीच्या आत तोंड करून हाक मारली. पाखडत असलेली एक बाई सूप ठेवून बाहेर आली. अंगानं भरलेली, नाकात दोन्हीकडे चमक्या, केसांत कोंडा उडालेला. मागोमाग दोन वेण्यांची एक मुलगी आली आणि आईच्या पदराआड उभी राहून राघोत्तमरावांना न्याहाळू लागली.

"ही अलमेलू. ही हिची मुलगी, त्याच दिवशीची," सुब्बा म्हणाला, आणि तमिळमध्ये बाईला सांगितलं, "हे मद्रासचे सार. ॲम्ब्युलन्सचे सेक्रेटरी."

"कुठल्या ॲम्ब्युलन्सचे?" अलमेलूनं विचारलं.

सुब्बानं तिला सगळं समजावलं. तिला काही आठवेना. मॅनेजरनं कुणाला तरी फोन केला होता म्हणतात, केला असेल, त्याला फोनची हौस होती. तिच्या सासूनं मात्र फोनबिन मानला नाही. चार माणसांनी खाटेवर घालून अलमेलूला स्टेशनावर नेलं, अकराची पॅसेंजर आली, गार्डानं खाट ब्रेकव्हॅनमध्ये ठेवू दिली. साडेबाराला ती मद्रासच्या बायकांच्या हॉस्पिटलात होती. घरची सगळी बरोबर गेली, म्हणून दाराला कुलूप. दोनला मुलगी झाली.

व्हॅन त्या वेळी बैलगाडीच्या वाटेवर होती.

"त्यानंतर इथून सगळे तसेच जातात," सुब्बा म्हणाला. "म्हणून फोन येत नाही. मी त्याच आठवड्यात विचारायला आलो होतो, सार. झोप येईना. ही बाळाला घेऊन परत आलेली. मॅनेजर म्हणाला, रिकामाच आहेस तर लॉरी चालव."

त्याच आठवड्यात. राघोत्तमरावांनी मनातल्या मनात त्या आठवड्याशेजारी आपली आठ वर्षं ठेवून पाहिली.

अलमेलूनं त्यांना ताक आणून दिलं. पाया पडायचं ठरलं होतं, पण जिला ॲम्ब्युलन्सच ठाऊक नाही तिच्या पाया कशासाठी पडायचं हे तमिळमध्ये सांगणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. ते ताक प्याले. निघताना सुब्बा फाटकापर्यंत आला. "येतो," राघोत्तमराव म्हणाले, आणि चार पावलं गेल्यावर सुब्बानं मागून हाक मारली, "सार!"

ते गर्रकन वळले.

"चिठ्ठी राहिली," सुब्बा म्हणाला आणि हसला. "ठेवून घेऊ?"

"ठेव."

एकेचाळिसावी फेरी त्याच दिवशी लिहून झाली. दीड पान. त्यात कॉफी होती, खिसा होता, 'लिहिली होती' हे वाक्य होतं आणि 'सुब्बारावांवरचा ठराव चुकीच्या माहितीवर झाला, ती चुकीची माहिती सेक्रेटरींनी दिली' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पार्काच्या वळणावर सुब्बानं काय केलं, तेवढं मात्र त्यांनी लिहिलं नाही. लबाडी करायचीच तर निदान एकदा दुसऱ्याच्या बाजूनं करावी.

कमिटीत ते वाचून झाल्यावर हंबीररावांनी चष्मा काढून पुसला.

"फारच प्रांजळ आहे," हंबीरराव म्हणाले. "पण समारंभाची स्मरणिका आहे, राघोत्तमराव. ही फेरी गाळता नाही का येणार? चाळीसनंतर बेचाळीस. कोण मोजतंय?"

"नाही," राघोत्तमराव म्हणाले.

सगळ्यांनी वर पाहिलं. हा शब्द त्यांच्या तोंडून त्या खोलीत कुणी ऐकला नव्हता.

"हे पान नसेल तर बाकीचीही मी देणार नाही. सुवर्णाक्षरांसकट."

"अहो, पण लोक काय म्हणतील? माझ्या आईच्या स्मरणार्थ..." हंबीरराव थांबले. त्यांचा आवाज खरोखरच हलला होता. राघोत्तमरावांना त्यांचं वाईट वाटलं, पण नाही ते नाहीच राहिलं.

"सुब्बाला बोलवावं," जनकोजी म्हणाला. "मानानं. आपली व्हॅन पाठवून."

हे मात्र सगळ्यांना पटलं. यात देखरेख होती.

समारंभ रविवारी दुपारी चारला होता. सुब्बाला आणायला व्हॅन एकला निघाली, पिवळी अक्षरं नव्यानं रंगवून, पुढं झेंडूची माळ बांधून. चिमट्यात चिठ्ठी होती, राघोत्तमरावांनी ती लावली, पुन्हा जाऊन पाहिली, आणि तिसऱ्यांदा ड्रायव्हरला सर्वांदेखत मोठ्यानं विचारलं, "कुठे जायचंय, माहीत आहे ना?"

पावणेचारला सुब्बा धुतलेला सदरा घालून मंडपात हजर झाला. अलमेलूची मुलगी हट्ट करून बरोबर आली होती. हंबीररावांनी त्याला शाल पांघरवली, राघोत्तमरावांनी ते दीड पान वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या, आणि सरोजानं नवऱ्याला सर्वांसमोर दुसरी कॉफी दिली. ती थोडी पातळ होती. सुब्बाला घ्यायला गेलेली व्हॅन पावणेसहाला रिकामी परत आली. खुर्च्या आवरणं चालू होतं, तेवढं तिनं काम केलं.

"आमची गाडी चुकली वाटतं तुझी?" हंबीररावांनी सुब्बाला विचारलं.

"नाही, आलो पॅसेंजरनं," सुब्बा म्हणाला.

गुम्मिडिपूंडीहून मद्रासला पॅसेंजरला सव्वा तास लागतो. १९५६ सालीही तेवढाच लागत होता.